वाढत्या हाताला भाड्याचं व्हायोलिन

घणसोली गावात भाडं म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही. गावठाणातल्या इमारतींत वरचे मजले भाडेकरूंचे; अनामत किती घ्यायची, अकरा महिन्यांचा करार कसा करायचा, खोली सोडताना रंगाचे पैसे कोणाच्या माथी, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण तेच पोर व्हायोलिनच्या क्लासला जायला लागलं की आठवड्याच्या आत आईबाप कोरं करकरीत वाद्य घेऊन येतात. वाद्यही भाड्याने आणता येतं, त्याचाही करार करता येतो, हे तेव्हा कुणाला सुचत नाही. याच्या उलट तऱ्हेची माणसंही आहेत. चार-चार वर्षं क्लासच्या सतारीवर हात चालवतात, दरमहा पैसे मोजतात आणि स्वतःची सतार घ्यायचा विषय निघाला की ‘अजून तेवढं येतंय कुठे’ म्हणून टाळतात.

दोघांचेही पैसे जातात. त्याहून वाईट म्हणजे शिकणं विनाकारण अवघड होऊन बसतं. माझं मत थोडक्यात सांगतो, मग एकेका वाद्याकडे वळू. जे अजून वाढतंय किंवा ठरायचं आहे, म्हणजे मुलाचा हात, गाणाऱ्याचा आवाज, शिकणाऱ्याचा गुरू, त्याच्या भरवशावर वाद्य विकत घेऊ नये. आणि ते एकदा ठरलं की भाड्यात फार महिने घालवू नयेत. तारेचं वाद्य आपल्या हाताला, आपल्या सुराला जुळवून घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या वाद्यावर तो खर्च कुणी करत नाही आणि मालक करूही देत नाही.

व्हायोलिन: आधी हात मोजा

भाड्याने आणण्यासारखं पहिलं वाद्य व्हायोलिन, कारण ते मुलांच्या मापात मिळतं. पाव (१/४), अर्धं (१/२), पाऊण (३/४) आणि पूर्ण (४/४) ही नेहमीची मापं; अगदी लहानांसाठी १/८ आणि १/१६ सुद्धा असतात. साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या मुलाला पाव, सात-आठ वर्षांच्या मुलाला अर्धं, नऊ-दहाला पाऊण आणि अकरा-बारा वर्षांनंतर पूर्ण माप लागतं. पण वय हा नुसता अंदाज आहे. खरं माप डाव्या हाताचं. मुलाला वाद्य हनुवटीखाली धरायला सांगा आणि डावा हात वाद्याच्या बाजूने सरळ लांब करायला लावा. वाद्याच्या टोकाची गुंडाळी मनगटाच्या आसपास किंवा फार तर तळहाताच्या मध्यापर्यंत यावी. टोक बोटांच्याही पुढे जात असेल तर ते वाद्य त्या मुलासाठी मोठं आहे.

‘मोठंच घेऊ, वर्षभरात हात वाढेल’ असं म्हणणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांना एवढंच सांगेन की व्हायोलिनला पडदे नसतात. बोट कुठे टेकलं यावर सूर ठरतो. वाद्य मोठं असलं की करंगळी जागेवर पोहोचत नाही, मनगट दुमडतं, डावा खांदा वर चढतो आणि मूल बेसूर वाजवायला शिकतं. ही खोड नंतर काढणं वाद्य बदलण्याइतकं सोपं नाही.

सहाव्या वर्षी सुरू केलेल्या मुलाला बाराव्या वर्षापर्यंत तीन तरी मापं लागतात. आता हिशेब करू. खालचे आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत. दुकानातले खरे आकडे घालून तुम्ही तोच हिशेब घरी करा.

समजा, अर्ध्या मापाचं बऱ्यापैकी व्हायोलिन, गज आणि पेटीसकट, ८,००० रुपयांना मिळालं. दीड वर्षाने मूल पाऊण मापावर गेलं आणि जुनं ३,००० ला विकलं गेलं. मधे तारांचा एक संच आणि घोडी नीट बसवून घेणं यात १,५०० गेले. म्हणजे दीड वर्षाचा खरा खर्च ६,५०० रुपये. तेच वाद्य महिना ४०० रुपयांनी आणलं असतं आणि दुरुस्ती मालकाकडे असती तर अठरा महिन्यांचे ७,२०० झाले असते. भाडं सातशे रुपयांनी महाग पडलं. मग भाड्याने का आणायचं? कारण बऱ्याच मुलांचा उत्साह पहिल्या सहा महिन्यांत आटतो. तसं झालं तर भाड्यात २,४०० वर सुटका होते. विकत घेतलेलं वाद्य माळ्यावर जातं आणि ‘विकू, विकू’ म्हणता म्हणता त्याचे सांधे उघडतात. ते सातशे रुपये त्या सुटकेची किंमत समजा.

हाच हिशेब सूत्रात असा: खरेदीच्या किमतीतून पुढे विकून येतील असे पैसे वजा करा, मधला दुरुस्तीचा खर्च मिळवा आणि आलेल्या रकमेला महिन्याच्या भाड्याने भागा. वरच्या उदाहरणात उत्तर येतं सव्वासोळा महिने. वाद्य त्याहून कमी काळ लागणार असेल तर भाडं, जास्त काळ लागणार असेल तर खरेदी. पुन्हा विकताना किती येतील याचा अंदाज मात्र हात आखडून धरा. लहान मापाच्या वाद्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

पूर्ण मापाला पोहोचल्यावर हा हिशेब उलटतो. १५,००० चं वाद्य सहा-सात वर्षं सहज वापरलं जातं. महिना ५०० भाडं धरलं तरी सहा वर्षांचे ३६,००० होतात. म्हणून मूल पूर्ण मापावर आलं आणि क्लास सोडायचं नाव काढत नसेल, तर भाडं बंद करा आणि जमेल तेवढं चांगलं व्हायोलिन घ्या. आधीची सगळी भाडी किमतीत वळती करून देणारा दुकानदार मिळाला तर उत्तमच. पण वळतं करण्याच्या नादाने दुकानदार दाखवेल तेच वाद्य गळ्यात घालून घेऊ नका.

तिसरा मार्ग फार कुणी बोलत नाही, पण आपल्या भागात तोच सगळ्यांत सोयीचा आहे. घणसोलीच्या सेक्टरांतल्या सोसायट्या, कोपरखैरणे, ऐरोली इथे क्लासला जाणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि मापातून बाहेर पडलेली व्हायोलिनं त्यांच्या घरात पडून असतात. क्लासच्या गुरुजींना विचारलं की कोणाचं अर्धं माप रिकामं झालंय ते कळतं. असं वाद्य विकत घेऊन वर्षा-दीड वर्षाने पुढच्या मुलाला तेवढ्याच किमतीत देता येतं. भाडंही नाही, नुकसानही नाही. मात्र घेण्याआधी पुढच्या गोष्टी बघा: वरची आणि खालची पाटी कडेच्या पट्टीपासून सुटलेली नाही ना, घोडी सरळ उभी आहे ना, आतला छोटा खांब जागेवर आहे ना (पाटीवरच्या नागमोडी चिरेतून डोकावलं की दिसतो), खुंट्या फिरवून सोडल्यावर तिथेच थांबतात ना, आणि गज एका बाजूला वाकलेला नाही ना. तो खांब पडला असेल तर वाद्य वाजवू नका, तारा ताणूही नका. जाणकाराकडून तो आधी बसवून घ्या.

करार कागदावर

खोलीच्या करारात आपण पंख्यांची संख्यासुद्धा लिहून घेतो. वाद्य मात्र ‘न्या हो, आपलंच आहे’ या बोलीवर घरी येतं आणि परत करताना चेहरे बदलतात. म्हणून साध्या कागदावर का होईना, लिहून घ्या. वाद्य नेताना त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढा. आधीचे चरे, टवके, उडालेलं पॉलिश दोघांनी मिळून बघा. तार तुटली तर कोणी आणायची हे ठरवा. तारा तुटणारच, सगळ्यांत बारीक तार सगळ्यांत आधी, त्यामुळे तारा घेणाऱ्याकडे आणि सांधे, खुंट्या, घोडी मालकाकडे ही वाटणी मला रास्त वाटते. मधेच माप बदललं तर नव्या मापाचं वाद्य त्याच अनामतीवर मिळेल का, अनामत किती दिवसांत परत मिळेल, एक महिना आधी सांगून सोडता येईल का, हेही लिहा. आणि पावसाळ्यात सांधा उघडला तर तो निष्काळजीपणा धरायचा की हवेचा दोष, हे घणसोलीत तरी आधीच बोललेलं बरं.

भाड्याचं वाद्य घरी आल्यावर मूल ते आपलं मानत नाही, अशी एक तक्रार ऐकू येते. ती थोडी खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे राळ, वाद्य पुसायचं मऊ फडकं आणि खांद्याखालचा आधार या तीन वस्तू मुलाच्या स्वतःच्या घेऊन द्या. एवढ्याने बरंच भागतं.

गिटारबद्दल फार लिहीत नाही. बाजारात गिटारी इतक्या आहेत की भाड्याने आणण्यात सहसा अर्थ नसतो. लहान मुलासाठी पाऊण माप, मोठ्यासाठी पूर्ण माप, वापरलेली घ्यावी आणि बाराव्या पडद्यापाशी तारा दांडीपासून फार उंच नाहीत एवढं बघावं. उंच असतील तर बोटं सोलवटून निघतात आणि पोरगं महिन्याभरात गिटार खाली ठेवतं.

सतार: आधी गुरू, मग वाद्य

सतारीला हाताच्या मापाची एवढी अडचण नाही. लहान मुलांसाठी छोट्या सतारी बनतात, आणि बारा-तेरा वर्षांचं मूल मोठी सतार मांडीवर सांभाळू शकतं. इथे ठरायचा असतो तो गुरू. सतारीच्या दोन मोठ्या तऱ्हा आहेत. पंडित रविशंकरांच्या बाजात खरजाच्या जाड तारा असतात. उस्ताद विलायत खाँसाहेबांच्या गायकी अंगाच्या, गांधार-पंचम म्हणतात त्या सतारीत त्या खरजाच्या तारा काढून मांडणी वेगळी केलेली असते. तारा वेगळ्या, लावायची पद्धत वेगळी, आवाजाची अपेक्षाही वेगळी. दुकानात जाऊन नक्षी आवडली म्हणून एक उचलली आणि गुरुजी दुसऱ्या बाजाचे निघाले, तर सतार पुन्हा बांधून घ्या किंवा विका. म्हणून गुरू पक्का होईपर्यंत आणि त्यांच्याकडे काही महिने टिकेपर्यंत क्लासच्या किंवा भाड्याच्या सतारीवर शिका.

वाशीला गांधर्व महाविद्यालय आहे. घणसोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा आणि मग वाशी. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं, त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, आणि त्या मंडळाच्या परीक्षा आज गावोगावी होतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग मध्यमा असा तो जिना आहे. भाड्याची मर्यादा ठरवायला मला हा जिना बरा वाटतो. प्रारंभिकची परीक्षा भाड्याच्या सतारीवर द्यायला हरकत नाही. प्रवेशिका पूर्णची तयारी मात्र स्वतःच्या सतारीवरच व्हावी. एव्हाना रियाज रोजचा झालेला असतो आणि सतारीला काय हवंय ते कानाला कळू लागलेलं असतं.

कानाला कळू लागतं ते मुख्यतः जवारीबद्दल. तारा ज्या सपाट घोडीवरून जातात तिचा माथा अगदी सूक्ष्म उताराचा घासलेला असतो. तार त्या उतारावर निसटती टेकते म्हणून सुराला ती गुणगुणती, रुंद आस येते. वाजवून वाजवून तारेचे चर घोडीत पडतात, आवाज चिरका किंवा बोथट होतो आणि जवारी पुन्हा काढून घ्यावी लागते. कुणाला जवारी खुली लागते, कुणाला बंद. ती वाजवणाऱ्याच्या हातावर आणि बाजावर अवलंबून. भाड्याच्या सतारीवर दहा हात फिरलेले असतात. तिची जवारी कुणाच्याच मनासारखी नसते, आणि वर्षभरात सोडायच्या वाद्याची जवारी स्वतःच्या पैशाने काढून घ्यायला कुणाचं मन होत नाही. भाडं महिन्याला कमी दिसतं, पण वाईट जवारीवर केलेला रियाज कुठल्याही वहीत लिहिला जात नाही. सतार शिकणारा दीड-दोन वर्षं टिकला की मी खरेदीच्या बाजूने आग्रह धरतो तो यासाठीच.

जुनी सतार मिळत असेल तर नक्कीच बघा, चांगली मुरलेली सतार नव्यापेक्षा गोड बोलते. दांडी डोळ्याजवळ धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका. वाक दिसला तर सोडून द्या. भोपळ्यावरून हात फिरवून तडा शोधा, घोडीखाली तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी पाटी, खचलेली नाही ना ते बघा. पडदे सरकलेले असले तर घाबरू नका, ते धाग्याने बांधलेले असतात आणि जागेवर आणता येतात. एक गोष्ट मात्र दुकानदारही सांगत नाहीत: जुन्या वाद्यांवर कधी कधी हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असते. वन्यजीव संरक्षण कायद्याने या वस्तूंची खरेदी-विक्री बंद आहे. असं वाद्य कितीही देखणं असलं तरी व्यवहारात पडू नका.

तंबोरा: आवाज फुटून बसू द्या

गाणं शिकणाऱ्याला तंबोरा लागतो, हे खरं. पण तो पहिल्या दिवसापासून घरात लागतो, हे तितकंसं खरं नाही. मुलग्यांचा आवाज बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो आणि त्यांची पट्टी पार खाली येते. काळी चार-पाचला गाणारा मुलगा दोन वर्षांत काळी एकला येऊ शकतो. बायकांचा आणि पुरुषांचा तंबोरा हा फरक नुसत्या नावाचा नाही. लांबी, भोपळ्याचा घेर, तारांची जाडी, सगळं त्या पट्टीसाठी बेतलेलं असतं. वरच्या पट्टीचा तंबोरा खाली उतरवला की तारा सैल होतात आणि सूर भरत नाही. खालच्या पट्टीचा वर ताणला की तारा तुटतात. म्हणून तेरा वर्षांच्या मुलासाठी हौसेने मोठा तंबोरा आणू नका. तोवर विजेवरचा तंबोरा किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप पुरे. पट्टी बदलायला एक बटण लागतं. शुद्धतावादी नाक मुरडतील, पण त्यांच्यापैकी अनेकांच्या पिशवीत तेच असतं.

आवाज बसला, पट्टी ठरली, गाणं सोडायचं नाही हेही ठरलं, की तंबोरा विकतच घ्यावा. भाड्याचा तंबोरा फक्त कार्यक्रमासाठी: घरगुती बैठक, गुरुपौर्णिमा, अरंगेत्रम्‌सारखा एखादा मोठा दिवस. तेव्हा जोडीचे दोन तंबोरे हवे असतात आणि कुणी दोन विकत घेत बसत नाही. असा तंबोरा आदल्या दिवशी आणा, तुमच्या पट्टीत लावून रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा लावा. ताणलेल्या तारा तोवर बसतात. कार्यक्रमाच्या तासभर आधी टॅक्सीतून उतरवलेला तंबोरा सारखा उतरत राहतो.

घ्यायचा तर कुठला? मिरजेचा, याबद्दल महाराष्ट्रात दुमत नाही. मिरजेतल्या शिकलगारांचं मूळ काम शस्त्रांना धार लावायचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी तिथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि त्या घराण्यांना सतारमेकर हेच आडनाव पडलं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून. जाड सालीचा, खाता न येणारा तो भोपळा मुद्दाम वाद्यासाठी पिकवतात आणि चांगला वाळवतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली जाईपर्यंत मिरजेचेच होऊन राहिले होते. असे गवई दारात असल्यामुळे कारागिरांचे कान तयार झाले. तुम्हीही तेच करा: वाद्य कुरिअरने मागवण्याऐवजी स्वतः गेलात तर कारागीर तुम्हाला गायला लावून तुमच्या पट्टीवर जवारी काढून देतो. कल्याणहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडली की सकाळी मिरज. जाताना गुरुजींना किंवा वरच्या वर्गातल्या एखाद्या ताईला बरोबर न्या, कारण तंबोरा विकत घेताना गाणाऱ्याला आपलाच आवाज नीट ऐकू येत नाही.

येताना अडचण वाहतुकीची. पुरुषी तंबोरा साडेचार-पाच फुटांचा; संध्याकाळच्या लोकलमध्ये तो शिरला तर बाहेर आख्खा येईलच असं नाही. दुपारची गाडी, मालडबा, आणि कापडी गवसणीच्या आत जाड अस्तर. ज्यांना दर आठवड्याला क्लासला वाद्य न्यायचंच आहे त्यांनी भोपळ्याशिवायचा, चपट्या पेटीचा छोटा तंबोरा बघावा. त्याचा आवाज पोट भरून येत नाही, पण रबाळे-ठाणे गर्दीत तो टिकतो.

सप्ताहाची वीणा

गावातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्याकडच्या आगरी-कोळी गावांत अखंड हरिनाम सप्ताह होतात, आणि सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्याप्रमाणे ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते. त्या दिवसांत शेजारच्या गावातून वीणा मागून आणण्याची रीत आहे, आणि एखाद्या वर्षी दोन्ही गावांचा सप्ताह एकाच वेळी आला की पंचाईत होते. माझ्या मते मंडळाने वर्गणी काढून वीणा विकतच घ्यावी. रात्रंदिवस हाताळली जाणारी वस्तू उसनी आणून परत करताना तिचं काही ना काही झालेलंच असतं. घेताना नक्षीवर जाऊ नका. उभं राहून तासन्‌तास खांद्यावर धरायची आहे, ती वजनाला हलकी हवी, खुंट्या घट्ट हव्यात आणि पट्टा बांधायची जागा मजबूत हवी. आणि वर्षातले बाकीचे महिने ती कोणाच्या घरी राहणार, तारा कोण बदलणार, हे मंडळाच्या वहीत लिहा. देवळात कापूर-उदबत्तीच्या शेजारी टांगून ठेवलेल्या वीणेचं काय होतं ते कोणत्याही गावात जाऊन पाहता येईल.

खाडीची हवा

गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, तर लाकडाचं आणि सरसाचं काय होणार! व्हायोलिनच्या पाट्या ज्या सरसाने चिकटवतात तो ओलाव्याने सुटतो. एका अर्थी ते बरंच, कारण सांधा सुटला नाही तर लाकूड फाटेल. खुंट्या फुगून अडकतात, पोलादी तारा गंजतात, गजाचे केस ओल धरून सैल पडतात. सतार-तंबोऱ्याची तबली फुगते, खालीवर होते आणि जवारी दोन-दोन महिने रुसते.

म्हणून माझा घणसोलीपुरता नियम: भाड्याचा काळ एका पावसाळ्यातून जाऊ द्या. जानेवारीत घेतलेलं वाद्य मे महिन्यापर्यंत सगळ्यांचंच चांगलं वाजतं. जून-जुलैत दोन गोष्टींची परीक्षा होते. घरातल्या कोणत्या कोपऱ्यात वाद्य सुरक्षित राहतं ते कळतं, आणि शाळा, क्लास, पाऊस, बंद पडलेल्या लोकल यांतून शिकणारा रियाज धरून ठेवतो का तेही कळतं. दिवाळीला खरेदी करणाऱ्याचा निर्णय सहसा चुकत नाही. नोकरी करून चाळिशीत शिकायला सुरुवात करणाऱ्यांना हा नियम दुप्पट लागू आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कंपन्यांत रात्रपाळी-दिवसपाळी करणाऱ्याचा हात ठरलेला असतो, पैसेही असतात. ठरलेला नसतो तो वेळ.

वाद्य ठेवायचं आतल्या भिंतीला, जमिनीपासून वर, खिडकीपासून लांब. पेटीत किंवा गवसणीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्याने बदला. वातानुकूलन यंत्राच्या थेट झोताखाली ठेवू नका. ओल्या हवेतून एकदम कोरड्या हवेत गेलेल्या तबलीला तडा जातो. गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात लोखंडी कपाटावर वाद्य ठेवू नये. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा आणि व्हायोलिनच्या गजाचा ताण सैल करा. विकत घेतलेल्या वाद्याची एवढी काळजी घ्यायची तयारी नसेल, तर भाड्याचंच बरं. निदान मालक सहा महिन्यांनी एकदा उघडून बघेल.

कुठे विचारायचं याचा क्रम असा ठेवा. पहिले क्लासचे गुरुजी, कारण त्यांच्याकडे दोन वाद्यं जास्तीची असतात आणि कोणाकडे काय पडून आहे तेही त्यांनाच ठाऊक असतं. मग वाशी-ठाण्यातली वाद्यांची दुकानं. मग मुंबई: भारतीय वाद्यांसाठी दादरचं हरिभाऊ विश्वनाथ, पाश्चात्त्य वाद्यांसाठी धोबीतलावचं फुर्टाडोज, जे १८६५ पासून आहे. जाण्याआधी फोन करून भाड्याची सोय आहे का, कोणत्या मापाचं वाद्य आज हातात आहे, हे विचारा, नाहीतर दुकानात गेल्यावर भाड्याचा विषय राहतो बाजूला आणि माणूस बिल हातात घेऊन बाहेर पडतो.

भाड्याचं वाद्य परत करताना तारा सगळ्या एकदम उतरवू नका. व्हायोलिनच्या चारही तारा सैल झाल्या की आतला खांब पडू शकतो, आणि ती दुरुस्ती अनामतीतून कापली जाते. सतार-तंबोऱ्याच्या तारा अर्ध्या-एक सुराने उतरवून द्या, म्हणजे वाटेत तुटत नाहीत. नेतानाचे फोटो बरोबर ठेवा, मालकासमोर एकदा वाजवून दाखवा आणि अनामत तिथेच मागून घ्या.